दोन संगीतवाहिन्या, एकच आयुर्मान : ‘चॅनल व्ही’ आणि ‘व्हिवा’ (१९९३–२०१८)



माध्यमांच्या इतिहासात छापखाना, आकाशवाणी आणि दूरदर्शन यांचा अभ्यास आपण करतो. खासगी वाहिन्यांचा इतिहास मात्र बहुधा ‘१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या’ या एका वाक्यात आटोपतो. त्या वाक्यामागे काय काय घडले हे एका वाहिनीच्या चरित्रातून पाहणे, हा या टिपणाचा हेतू आहे. त्यासाठी भारतातली ‘चॅनल व्ही’ निवडली आहे आणि तुलनेसाठी जर्मनीतली ‘व्हिवा’ ही जर्मन भाषेतली संगीतवाहिनी.

निवडीचे कारण तारखांमध्ये आहे. व्हिवा १ डिसेंबर १९९३ रोजी कोलोन शहरातून सुरू झाली. चॅनल व्ही मे १९९४ मध्ये सुरू झाली. भारतातली चॅनल व्ही १५ सप्टेंबर २०१८ रोजी बंद झाली. व्हिवा ३१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. जन्मात सहा महिन्यांचे अंतर आणि मृत्यूत साडेतीन महिन्यांचे. भाषा, बाजारपेठ, कायदे, प्रेक्षक सगळे वेगळे असताना आयुष्य मात्र जवळजवळ सारखे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा योगायोग मानून पुढे जाऊ नये. दोन वेगळ्या ठिकाणी एकच परिणाम दिसला, तर समान कारण कोणते आणि वेगळे काय, हे शोधणे ही तुलनात्मक पद्धतीची पहिली पायरी आहे.

१. पार्श्वभूमी : दिल्लीचा पडदा

भारतात दूरचित्रवाणीची सुरुवात दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात झाली. मुंबई केंद्र १९७२ साली आले. दूरदर्शन १९७६ साली आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि १९८२ साली, आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. या काळात पडद्यावरचे संगीत म्हणजे मुख्यतः चित्रपटगीते. दिल्लीचे ‘चित्रहार’ आणि मुंबईचे ‘छायागीत’ आठवड्यातून ठरावीक वेळी लागे, आणि तेवढ्यासाठी शेजारपाजारचे लोक टीव्ही असलेल्या घरी जमत. गाणे कोणते लागेल हे प्रेक्षक ठरवत नसे, आणि गाण्याचे चित्रीकरण स्वतंत्रपणे टीव्हीसाठी झालेले नसे. चित्रपटातला तुकडाच कापून दाखवला जाई.

दिल्लीत १७ सप्टेंबर १९८४ रोजी दूरदर्शनची दुसरी वाहिनी सुरू झाली. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांच्या दुसऱ्या वाहिन्या उपग्रहाने जोडून २६ जानेवारी १९९३ पासून ‘डीडी मेट्रो’ साकारली. बाबा सहगल यांच्या सूत्रसंचालनाने गाजलेला ‘सुपरहिट मुकाबला’ हा गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम याच वाहिनीवरचा. म्हणजे तरुण शहरी प्रेक्षकाला गाण्यांसाठी टीव्हीसमोर बसवण्याची सुरुवात सरकारी वाहिनीनेही केली होती. डीडी मेट्रो ३ नोव्हेंबर २००३ रोजी बंद झाली आणि तिच्या जागी डीडी न्यूज आली. बंद पडलेल्या वाहिन्यांच्या यादीत हे नावही लक्षात ठेवावे.

२. तंत्रज्ञान : दुरुस्त केलेला उपग्रह आणि गच्चीवरची छत्री

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या भागात विशेष रस वाटेल. भारतावर खासगी वाहिन्यांचा वर्षाव करणारा ‘एशियासॅट-१’ हा मुळात दुसऱ्याच नावाचा उपग्रह होता. ‘वेस्टार-६’ या नावाने तो फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर अवकाशयानातून सोडला गेला. पण त्याला वरच्या कक्षेत नेणारी मोटर नीट चालली नाही आणि तो निरुपयोगी कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानाच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला. दुरुस्तीनंतर तो विकला गेला आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी ‘लाँग मार्च’ अग्निबाणाने पुन्हा अवकाशात गेला, या वेळी आशियासाठी.

त्यावर चोवीस सी-बँड ट्रान्सपाँडर होते आणि दोन झोत : उत्तरेचा चीनकडे, दक्षिणेचा भारतीय उपखंडाकडे. हाँगकाँगमधल्या हचिसन व्हाम्पोआ उद्योगसमूहाने आणि ली का-शिंग यांच्या कुटुंबाने १९९१ साली या उपग्रहावरून ‘स्टार टीव्ही’ सुरू केले. सुरुवातीच्या पाच वाहिन्यांपैकी एक ‘एमटीव्ही एशिया’ होती. २ ऑक्टोबर १९९२ रोजी याच उपग्रहावरून झी टीव्ही सुरू झाले.

सी-बँडमध्ये उपग्रहाकडून येणाऱ्या संदेशाची वारंवारिता साधारण ४ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून येणारा हा क्षीण संदेश पकडायला त्या काळी काही मीटर व्यासाची डिश लागे. एका कुटुंबाला ती परवडणारी नव्हती आणि सदनिकेच्या गच्चीत मावणारीही नव्हती. म्हणून एकाने छत्री उभारायची आणि तिथून तारेने शंभर-दोनशे घरांना जोडणी द्यायची, ही पद्धत रूढ झाली. केबलवाला हा नवा व्यावसायिक असा जन्मला. त्याआधी व्हिडिओ कॅसेटवरचे चित्रपट तारेने घरोघरी दाखवण्याचा धंदा काही जण करतच होते. जानेवारी १९९१ मधल्या आखाती युद्धाच्या थेट बातम्यांनी उपग्रह वाहिन्यांची ओढ वाढवली आणि त्याच तारांमधून स्टारच्या वाहिन्या धावू लागल्या.

इथे एक तांत्रिक मर्यादा इतिहास घडवून गेली. ॲनालॉग पद्धतीत प्रत्येक वाहिनीसाठी केबलवाल्याला वेगळा रिसीव्हर आणि वेगळा मॉड्युलेटर लागे. शिवाय जुन्या टीव्ही संचांवर आठ ते बाराच वाहिन्या लावता येत. म्हणजे आकाशात वाहिन्या कितीही असल्या, तरी घरात किती पोहोचणार हे केबलवाल्याच्या खोलीतल्या मांडणीवर अवलंबून होते. सुरुवातीच्या क्रमांकांवर जागा मिळवण्यासाठी वाहिन्यांमध्ये चढाओढ लागली आणि पुढे त्यासाठी केबलवाल्यांना पैसे मोजण्याची प्रथाही पडली.

जर्मनीत याच काळात चित्र निराळे होते. तिथे सरकारी टपाल खात्याने १९८० च्या दशकात रस्त्याखालून केबलचे जाळे पसरवले होते आणि कोणत्या वाहिनीला परवाना आणि जागा द्यायची हे प्रत्येक राज्याचे माध्यम प्राधिकरण ठरवी. दिल्लीत तारा विजेच्या खांबांवरून आणि गच्च्यांवरून गेल्या आणि कायदा मागाहून आला.

३. जन्म : एमटीव्हीला उत्तर

अमेरिकेत एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. तिची कल्पना साधी होती. ध्वनिमुद्रण कंपन्या आपल्या गाण्यांच्या प्रचारासाठी चित्रफिती बनवतात, त्या एकामागून एक दाखवायच्या आणि मधल्या वेळेत जाहिराती विकायच्या. कार्यक्रमाचा कच्चा माल जवळजवळ फुकट मिळे. १ ऑगस्ट १९८७ पासून एमटीव्ही युरोप लंडनहून इंग्रजीत सुरू झाली आणि जर्मन तरुणही तीच पाहू लागले.

यातून ध्वनिमुद्रण कंपन्यांसमोर प्रश्न उभा राहिला. एकच वाहिनी सगळ्या खंडाचा प्रचार हातात ठेवणार असेल, तर भाव तीच ठरवणार. शिवाय जर्मन भाषेतल्या गायकांना तिथे जागा कमी. म्हणून टाइम वॉर्नर, सोनी, पॉलिग्राम आणि ईएमआय या बड्या कंपन्यांनीच भागीदारीत व्हिवा उभी केली. तिचे सूत्रधार होते डीटर गोर्नी. पहिली चित्रफीत श्टुटगार्टच्या ‘दी फँटास्टिशन फिअर’ या जर्मन भाषेत रॅप करणाऱ्या गटाची होती. निवेदक जर्मन बोलत, आणि घरातल्या बैठकीत बोलावे तसे बोलत. श्टेफान राब आणि हाइके माकाच हे पुढे जर्मनीत घराघरांत पोहोचलेले चेहरे इथूनच वर आले.

भारतातली कथा याला समांतर आहे. जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा ५२.५ कोटी डॉलरना घेतला. त्यानंतर स्टार आणि एमटीव्ही यांच्यात नियंत्रण आणि उत्पन्न यांवरून मतभेद झाले आणि १९९४ साली एमटीव्ही स्टारच्या छत्रीतून बाहेर पडली. रिकाम्या जागेवर स्टारने स्वतःची वाहिनी आणली, ती चॅनल व्ही. लवकरच ईएमआय, बीएमजी, सोनी आणि वॉर्नर या चार कंपन्या मिळून तिच्या निम्म्या हिश्श्याच्या मालक झाल्या. यांतल्या ईएमआय, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्या व्हिवातही होत्या. १९९६ साली एमटीव्ही पुन्हा भारतात आली, ती ‘एमटीव्ही इंडिया’ म्हणून.

आता समान कारण दिसू लागते. कोलोनमध्ये आणि हाँगकाँगमध्ये जवळजवळ एकाच वेळी संगीतवाहिन्या उगवल्या, कारण दोन्हींच्या मागे त्याच मोजक्या ध्वनिमुद्रण कंपन्या होत्या आणि त्यांना एमटीव्हीला पर्याय हवा होता.

४. भाषा : इंग्रजीतून हिंग्लिशकडे

चॅनल व्हीचे पहिले निवेदक, उदाहरणार्थ डॅनी मॅक्गिल आणि सोफिया हक, इंग्रजीत बोलत. पण दक्षिण झोताखाली मोठा प्रेक्षक भारताचा होता आणि तो झी टीव्हीवर हिंदी अंताक्षरी पाहत होता. काही काळातच रुबी भाटिया, मेघना रेड्डी, कमल सिद्धू असे निवेदक आले आणि हिंदी गाणी वाढली. वाक्य इंग्रजीत सुरू करून हिंदीत संपवणारी बोली, म्हणजे ‘हिंग्लिश’, पडद्यावर रुळली. दाक्षिणात्य काउबॉय ‘क्विकगन मुरुगन’ हे पात्र चॅनल व्हीच्या छोट्या प्रचारफितींतूनच जन्मले. २००९ साली त्याच्यावर शशांक घोष यांनी चित्रपट काढला.

व्हिवाने लंडनच्या इंग्रजीला जर्मन उत्तर दिले. चॅनल व्हीचे उत्तर मात्र संमिश्र होते आणि त्यात उत्तर भारतातल्या मोठ्या शहरांची भाषा वरचढ राहिली. मराठी, कन्नड किंवा ओडिया बोलणाऱ्या तरुणाला ही वाहिनी ‘आपल्या देशाची’ म्हणून मिळाली, पण आपल्या भाषेची म्हणून नाही. मराठी गाण्यांची स्वतंत्र वाहिनी ‘९एक्स झकास’ यायला २०११ साल उजाडले. राष्ट्रीय वाहिनी आणि भाषिक वाहिनी यांतला हा फरक जर्मनीच्या अनुभवात सापडत नाही. भारताचा अभ्यास करताना तो नजरेआड करू नये.

५. दिल्लीचे कलाकार आणि एक छोटी क्रांती

चित्रपटाबाहेरच्या गाण्याला भारतात आधी भावगीत, गझल आणि भक्तिगीत यांखेरीज फारसे स्थान नव्हते. संगीतवाहिन्यांनी एक नवी जागा तयार केली, आणि त्या जागेत ‘इंडिपॉप’ वाढले. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदी यांचा ‘बोलो तारा रारा’ हे अल्बम आले. दोन्ही मॅग्नासाउंड कंपनीचे. १९९६ साली लकी अली यांचा ‘सुनो’ आला. कोणत्याही नायक-नायिकेवर चित्रित न झालेले गाणे देशभर गुणगुणले जाऊ शकते, हे या अल्बमांनी दाखवून दिले.

या लाटेत दिल्लीचा वाटा मोठा होता. दलेर मेहंदी यांची कारकीर्द दिल्लीत घडली. पलाश सेन यांचा ‘युफोरिया’ हा दिल्लीचा बँड १९९८ साली ‘धूम’ घेऊन आला. हिंदी शब्द, रॉकची वाद्ये आणि देशी ताल असा तो मेळ होता. १९९० साली दिल्लीत स्थापन झालेल्या ‘इंडियन ओशन’ने मात्र वेगळा मार्ग धरला. सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ने भरवलेल्या कार्यक्रमातले त्यांचे वादन ‘डेझर्ट रेन’ या नावाने १९९७ साली प्रसिद्ध झाले. या बँडची ओळख चकचकीत चित्रफितींपेक्षा प्रत्यक्ष मैफलींतून घडली. म्हणजे एकाच शहरात एकाच दशकात वाहिनीच्या आधाराने वाढलेले संगीतही होते आणि तिच्यावर फारसे न विसंबता वाढलेलेही. ‘वाहिन्यांनी इंडिपॉप घडवले’ असे सरसकट विधान करताना ही दुसरी बाजू विचारात घ्यावी.

आणखी एक नोंद. १९९८ साली चॅनल व्हीचा पुरस्कार सोहळा नवी दिल्लीत झाला आणि पाकिस्तानच्या ‘जुनून’ बँडला त्यात सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय गटाचा मान मिळाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या. उपग्रहाचा झोत सीमा पाहत नाही. त्या वर्षी बातम्यांच्या वाहिन्यांवरचा पाकिस्तान आणि संगीतवाहिनीवरचा पाकिस्तान वेगळा दिसत होता. माध्यमांचा इतिहास लिहिताना दोन्ही नोंदी लागतात.

२००२ साली चॅनल व्हीने ‘पॉपस्टार्स’ हा शोधकार्यक्रम केला. मूळ कल्पना न्यूझीलंडची, १९९९ सालची. जर्मनीत आरटीएल टू या वाहिनीवर २००० साली त्याच साच्यातून ‘नो एंजल्स’ हा मुलींचा गट निघाला होता. भारतात पाच मुलींचा जो गट निघाला त्याचे नाव होते ‘व्हिवा’. जर्मन वाहिनीशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढे सारखे. या गटातल्या नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा दिल्लीत वाढलेल्या. हा कार्यक्रम महत्त्वाचा ठरतो तो वेगळ्या कारणाने. इथून पुढे गाण्यापेक्षा गायक निवडण्याची स्पर्धा हाच कार्यक्रमाचा मुख्य ऐवज होऊ लागला.

६. कायदा : दिल्लीतून घेतलेले निर्णय

या सगळ्या घडामोडींना कायद्याची चौकट दिल्लीत मिळाली. केबलसाठीचा अध्यादेश सप्टेंबर १९९४ मध्ये आला आणि ‘केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) अधिनियम’ १९९५ साली झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात हवेतले तरंग ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निवाडा दिला. तरी खासगी वाहिन्यांना भारतातून थेट उपग्रहाकडे संदेश पाठवण्याची मुभा २००० साली मिळाली. तोवर भारतात बनलेल्या कार्यक्रमांच्या टेप परदेशी पाठवून तिथून प्रक्षेपण करावे लागे.

२००४ पासून प्रसारण क्षेत्र दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत आले. २००६ अखेरीस दिल्लीच्या दक्षिण भागात सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली. २०१२ च्या नोव्हेंबरपासून दिल्लीसह महानगरांत ॲनालॉग केबल बंद करून डिजिटल प्रक्षेपण अनिवार्य झाले. डिजिटल संकोचनामुळे एका ट्रान्सपाँडरवर एकाऐवजी अनेक वाहिन्या मावू लागल्या. बारा बटणांची मर्यादा गेली आणि शेकडो वाहिन्या आल्या. ज्या दुर्मीळतेमुळे चॅनल व्हीला मोल होते ती दुर्मीळता संपली. भाषिक, भक्तिपर, जुन्या गाण्यांच्या अशा कितीतरी संगीतवाहिन्या त्याच जाहिरातींच्या पैशात वाटेकरी झाल्या.

७. अस्त : इंटरनेटने मारले का?

सर्वसाधारण समज असा की यूट्यूब आले आणि संगीतवाहिन्या संपल्या. हा समज तारखांवर घासून पाहू.

यूट्यूबची स्थापना २००५ सालची. भारतात स्वस्त मोबाइल डेटा आला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर. पण व्हिवा २००४ सालीच व्हायकॉम कंपनीच्या, म्हणजे एमटीव्हीच्याच मालकाच्या, ताब्यात गेली. ज्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ती उभी राहिली त्यानेच ती विकत घेतली. पुढे संगीताचे तास कमी झाले आणि शेवटच्या वर्षांत तिचा रोजचा वेळ ‘कॉमेडी सेंट्रल’ वाहिनीबरोबर वाटला गेला. भारतात एमटीव्हीने २००३ साली ‘रोडीज’ सुरू केले. चॅनल व्हीने २०११ साली ‘दिल दोस्ती डान्स’सारख्या तरुणांच्या मालिका आणल्या आणि जुलै २०१२ पासून गाणी दाखवणेच थांबवले. त्या वेळी बहुसंख्य भारतीयांच्या हातात वेगवान इंटरनेट नव्हते.

म्हणजे संगीतवाहिन्यांनी संगीत सोडायला सुरुवात केली ती प्रेक्षक इंटरनेटवर जाण्याच्या आधी. मग कारण काय?

पहिले कारण मालकीचे. संगीतवाहिनीचा कच्चा माल तिचा स्वतःचा नसतो. चित्रफीत ध्वनिमुद्रण कंपनीची किंवा चित्रपट निर्मात्याची. तीच चित्रफीत शेजारच्या वाहिनीवरही लागते. वाहिनीचे स्वतःचे असे दोनच ऐवज : गाण्यांचा क्रम आणि निवेदक. जोवर कंपन्या भागीदार होत्या तोवर त्यांचे आणि वाहिनीचे हित एक होते. त्या बाजूला झाल्यावर वाहिनीला स्वतःच्या मालकीचा मजकूर हवासा वाटू लागला. मालिका आणि स्पर्धा हा तो मजकूर.

दुसरे कारण मोजणीचे. गाणे तीन-चार मिनिटांचे. न आवडले की प्रेक्षक बटण दाबतो. अर्ध्या तासाची मालिका प्रेक्षकाला धरून ठेवते. जाहिरातीचा दर पाहणाऱ्यांच्या संख्येबरोबरच ते किती वेळ थांबतात यावरही ठरतो, आणि त्या मोजणीत गाणे मागे पडले.

तिसरे कारण चित्रपटसंगीताचे. भारतात इंडिपॉपची लाट ओसरल्यावर वाहिन्यांवर पुन्हा हिंदी चित्रपटांचीच गाणी उरली. ती सगळीकडे मिळत असताना चॅनल व्हीच का पाहायची, याचे उत्तर वाहिनीकडे राहिले नाही. जर्मनीत हे कारण लागू नाही. तिथल्या आणि इथल्या अस्तातला हा खरा फरक.

इंटरनेट या तिन्हींनंतर आले आणि त्याने उरलेसुरले काम पूर्ण केले. चॅनल व्ही २०१६ च्या सुरुवातीला पुन्हा संगीताकडे वळली, पण त्याच वर्षी मोबाइल डेटा स्वस्त झाला. अडीच वर्षांत वाहिनी बंद झाली.

या प्रसंगाचा शेवटचा धागा पुन्हा दिल्ली परिसरातच सापडतो. दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातल्या गुलशन कुमार यांनी १९८३ साली टी-सिरीज सुरू केली आणि स्वस्त कॅसेटच्या जोरावर वाढवली. नोएडाच्या फिल्म सिटीत कार्यालय असलेल्या या कंपनीने २००६ साली यूट्यूबवर आपले खाते उघडले. २०१९ साली ते जगात सर्वाधिक सदस्य असलेले खाते ठरले आणि मे महिन्यात त्याने दहा कोटींचा टप्पा ओलांडला. चॅनल व्ही बंद होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. गाणे ज्याच्या मालकीचे तोच आता ते थेट श्रोत्याकडे पोहोचवतो. मधली वाहिनी, म्हणजे गाणे निवडून, चार शब्द बोलून ते पुढे करणारी व्यक्ती, गळून पडली. तिची जागा गणिती सूत्राने घेतली. व्हीजेची आवड-निवड तुम्हाला दिसत असे आणि तिच्याशी वाद घालता येत असे. सूत्राची निवड दिसत नाही.

८. काय उरले?

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड प्रश्नाला सामोरे जावे लागते. चॅनल व्हीने भारतात चोवीस वर्षे, दिवसरात्र प्रक्षेपण केले. त्यातले आज अभ्यासाला काय मिळते?

पुस्तक किंवा वृत्तपत्र छापले की त्याची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणे भारतात १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. वृत्तपत्रे त्यात १९५६ साली आली. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. खासगी वाहिनीच्या प्रक्षेपणासाठी असा कायदा नाही. परवान्याच्या अटींनुसार वाहिनीने आपल्या प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस ठेवायची असते, आणि तीही तक्रार आल्यास तपासणीसाठी. एक्याण्णवाव्या दिवशी ती पुसली तरी नियम मोडत नाही. फ्रान्सने १९९२ साली कायदा करून आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणांची प्रत राष्ट्रीय संस्थेकडे जमा करणे बंधनकारक केले. आपल्याकडे १९३० च्या दशकातले वृत्तपत्र वाचता येते, पण १९९६ सालच्या एका संध्याकाळी संगीतवाहिनीवर काय लागले होते हे पाहता येत नाही.

चित्रफिती यूट्यूबवर आहेत, कारण त्या कंपन्यांच्या मालकीच्या. हरवला आहे तो मधला भाग : निवेदकाचे बोलणे, प्रेक्षकांची पत्रे वाचून दाखवणे, गाण्यांचा क्रम, त्या काळच्या जाहिराती. भाषेच्या अभ्यासकाला हिंग्लिश कशी घडली ते याच भागात सापडले असते. गाणे उरले आणि संदर्भ गेला, असे म्हणावे लागते.

यावर विद्यार्थ्यांनाही काही करता येते. १९९० च्या दशकात केबलचा धंदा केलेली माणसे आज साठीच्या आसपास आहेत. तुमच्या गावात, तालुक्यात किंवा वसाहतीत अशी व्यक्ती नक्की असेल. पहिली छत्री कधी लावली, किती वाहिन्या देत होता, लोक कोणती वाहिनी मागत, महिन्याला किती पैसे घेत, भांडणे कशावरून होत, हे विचारून संमतीने ध्वनिमुद्रित करा. जुन्या व्हीएचएस कॅसेटवर लोकांनी टीव्हीवरचे कार्यक्रम उतरवून ठेवलेले असत. चुंबकीय फीत दमट हवेत खराब होते, म्हणून अशा कॅसेट सापडल्यास वेळीच डिजिटल प्रत करून घ्या. वृत्तपत्रांतले टीव्ही कार्यक्रमांचे जुने तक्तेही उपयोगी पडतात. बहुतेक जिल्हा ग्रंथालयांत जुने अंक असतात आणि त्यांतून वाहिनीचा दिवस पुन्हा मांडता येतो. ही कामे पदवी पातळीवरच्या प्रकल्पाला पुरेशी आहेत आणि अजून फारशी कोणी केलेली नाहीत.

९. सारांश

– चॅनल व्ही आणि व्हिवा यांचा जन्म एमटीव्हीच्या वर्चस्वाला ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दिलेल्या उत्तरातून झाला. हे दोन्हींचे समान कारण.
– जर्मनीत केबलचे जाळे आणि कायदा आधी होता. भारतात छत्री आणि तार आधी आली, कायदा नंतर. त्यामुळे केबलवाला हा इथल्या इतिहासातला महत्त्वाचा घटक ठरतो.
– व्हिवाने जर्मन भाषेला जागा दिली. चॅनल व्हीने हिंग्लिशला दिली. इतर भारतीय भाषांना स्वतःच्या वाहिन्यांची वाट पाहावी लागली.
– इंटरनेट हे अस्ताचे एकमेव कारण नाही. मजकुराची मालकी, प्रेक्षक-मोजणी आणि भारतात चित्रपटसंगीताचे वर्चस्व ही कारणे त्याआधीची आहेत.
– खासगी प्रक्षेपणाच्या जतनासाठी भारतात कायदा नसल्याने या काळाची प्राथमिक साधने वेगाने नष्ट होत आहेत.

१०. विचारासाठी प्रश्न

१) ॲनालॉग टीव्हीवरील वाहिन्यांच्या मर्यादित संख्येचा कार्यक्रमांच्या स्वरूपावर काय परिणाम झाला असेल? डिजिटल प्रक्षेपणानंतर तो कसा बदलला?
२) ‘युफोरिया’ आणि ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या दोन बँडच्या वाटचालीची तुलना करा. संगीतवाहिनीचे महत्त्व कोणत्या बाबतीत जास्त आणि कोणत्या बाबतीत कमी ठरते?
३) खासगी वाहिन्यांना त्यांच्या प्रक्षेपणाची प्रत राष्ट्रीय संग्रहाकडे देणे बंधनकारक करावे का? खर्च, स्वामित्वहक्क आणि खासगीपणा या तिन्ही बाजूंनी उत्तर लिहा.
४) तुमच्या भाषेतली पहिली संगीतवाहिनी कोणती? तिच्या आधी त्या भाषेतली गाणी टीव्हीवर कुठे आणि किती वेळ दिसत? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एक पानाची नोंद तयार करा.